खोदायला दोन आठवडे, भरायला दीड वर्ष

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ बांधकामाची कामं घेतो. आजवर सगळी यंत्रं भाड्यानेच आणली. आता एक मोठं काम हाती आलंय. इमारतीचा पाया खोदायचा आहे, ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद, ४ मीटर खोल. वर माती, खाली कडक मुरूम. माल टिपरने बाहेर टाकायचा. खोदाई झाली की त्याच साइटवर काँक्रीट बनवणारा, ताशी ३० घनमीटरचा छोटा बॅचिंग प्लांट बसणार आणि त्याला वाळू-खडी भरायचं कामही आमच्याकडेच, साधारण दीड वर्ष. दिवसाला ८० ते १०० घनमीटर काँक्रीट निघेल म्हणतात. पैसे एकच यंत्र घेण्याइतके जमलेत. मी म्हणतो पोकलेन घ्यावं, पहिलं काम खोदाईचंच आहे आणि पोकलेन दारात असलं की पुढची कामं चालून येतात. दादा म्हणतो लोडर. मुकादम म्हणतो जेसीबी घ्या, दोन्ही होतं. ओळखीतून एक जुनं २० टनी पोकलेन मिळतंय, मीटरवर ९,००० तास. रोज जेवताना यावरून वाद होतो. तुम्हीच काय ते सांगा.
– धाकटा भाऊ

उत्तर :

धाकटे बंधू, निकाल आधी सांगतो म्हणजे आजचं जेवण तरी शांतपणे होईल. दादा बरोबर आहे. लोडर विकत घ्या, पोकलेन भाड्याने आणा. आता कारणं ऐका, कारण नुसत्या निकालावर धाकट्या भावांचं समाधान होत नसतं. मीही धाकटाच आहे.

सुरुवात नावांपासून करू, कारण निम्मे वाद तिथेच असतात. आपण ज्याला पोकलेन म्हणतो ते एक्स्कॅव्हेटर. पोक्लेन ही मुळात एक फ्रेंच कंपनी. १९६१ साली तिने पूर्ण गोल फिरणारं हायड्रॉलिक खोदयंत्र बाजारात आणलं आणि पुढे कोणत्याही कंपनीचं तसलं यंत्र दिसलं की आपण त्याला पोकलेनच म्हणायला लागलो. जेसीबीचंही तेच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची ही आद्याक्षरं, कंपनी १९४५ ची. पण आपल्या तोंडी जेसीबी म्हणजे पुढे लोडरचा बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं बॅकहो लोडर, मग ते कुणीही बनवलेलं असो. आणि तुमचा दादा ज्याला नुसता लोडर म्हणतोय तो व्हील लोडर असणार: चार मोठी चाकं, पुढे एकच रुंद बकेट आणि मधोमध बिजागरी. वळताना यंत्र कमरेत वाकतं. तो दुकानात जाऊन 'लोडर दाखवा' म्हणाला तर त्याला तीन वेगळ्या जातींची यंत्रं दाखवतील. म्हणून हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

आता मुद्द्याचं. यंत्र निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो. माल यंत्राच्या पायाखाली आहे की समोर? पोकलेन स्वतः जागच्या जागी उभं राहतं आणि पायाखालचं उपसून बाजूला ओततं. २० टनी यंत्र साधारण साडेसहा मीटर खाली पोचतं, आडवा हात नऊ-दहा मीटर जातो. लोडरचं उलटं आहे. त्याचा बकेट जमिनीच्या रेषेवर चालतो, त्या रेषेच्या खाली त्याला जवळजवळ काहीच करता येत नाही. समोर ढीग असेल तर त्यात घुसायचं, भरून घ्यायचं, उलटं फिरायचं, नेऊन टाकायचं. पोकलेन चालायला कंटाळतं, ताशी पाचेक किलोमीटर हा त्याचा पळण्याचा वेग. आणि जितकं चालवाल तितके खालचे, चाकांऐवजी असलेले लोखंडी पट्टे झिजतात. लोडरला चालणं हेच काम. म्हणजे तुमच्या पत्रातली दोन कामं ही दोन वेगळ्या यंत्रांची आहेत, याबद्दल वाद नाही. वाद इतकाच की यातलं कोणतं यंत्र आपल्या अंगणात उभं करायचं.

ते ठरवायला कागद-पेन्सिल पुरते. तुमच्या खड्ड्याचा हिशोब मांडू.

४० गुणिले २५ गुणिले ४ म्हणजे ४,००० घनमीटर. पण खड्ड्याच्या भिंती काही तुम्ही सरळसोट उभ्या ठेवणार नाही, ठेवूही नका. दर मीटर खोलीला अर्धा मीटर मागे उतार धरला तर पाचशेहून थोडे जास्त घनमीटर वाढतात. म्हणजे साडेचार हजार. हा झाला जमिनीत बसलेला माल. तो उकरला की फुगतो. मुरूम सुटला की पाव ते तीस टक्के वाढतोच. तीस टक्के धरा, म्हणजे टिपरमध्ये चढणारा सुटा माल ५,८५० घनमीटर. दहा घनमीटरचा टिपर असेल तर ५८५ फेऱ्या. भाव ठरवताना अनेक जण हा फुगवटा विसरतात. खोदाईचा भाव जमिनीतल्या मापावर आणि वाहतुकीचा सुट्या मापावर, असं करारात लिहिलेलं नसेल तर आजच लिहून घ्या.

आता पोकलेन. २० टनी यंत्राला एक घनमीटरच्या आसपासचा बकेट असतो. खोदलं, उचललं, फिरलं, ओतलं, परत आलं, हे सगळं चांगला ऑपरेटर २० सेकंदांत करतो. तासाला १८० फेरे. बकेट दर वेळी काठोकाठ भरत नाही, नव्वद टक्के धरू. तासातली पंधरा मिनिटं टिपर लावण्यात, दगड बाजूला करण्यात, हेल्परशी बोलण्यात जातात, तीही वजा करू. तरी ताशी १२० घनमीटर सुटा माल चढतो. ५,८५० भागिले १२०. एकोणपन्नास तास. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवस!

हा आकडा बघून तुमचा चेहरा पडला असेल. थांबा, तो खरा होणार नाही. बारा टिपर ताशी भरायचे तर तितके टिपर पाहिजेत. तुमचा टिपर भरून, जाऊन, रिकामा होऊन परत यायला ४० मिनिटं लागत असतील तर यंत्र अखंड चालवायला आठ टिपर लागतील. तुमच्याकडे किती येणार ते पत्रात नाही. चारच असले तर पोकलेन निम्मा वेळ हात वर करून रस्त्याकडे बघत उभं राहणार आणि काम बारा दिवसांवर जाणार. खोदाईचा वेग यंत्र कमी आणि टिपर जास्त ठरवतात. माझ्या एका साइटवर मी दिवसभर घड्याळ घेऊन बसलो होतो. टिपर मागे घेऊन नीट उभा करायला ड्रायव्हरला दीड मिनिट लागत होतं, कारण वळायची जागा उकरलेल्या मातीने अडवली होती. ती माती संध्याकाळी हलवली. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच टिपरांत अकरा फेऱ्या जास्त झाल्या. मोठं यंत्र आणून हे झालं नसतं.

तर सहा ते बारा दिवस, तळ सपाट करणं आणि बाजू तासणं धरून फार तर तीन आठवडे. त्यानंतर तुमचं पोकलेन काय करणार? 'पुढची कामं चालून येतात' म्हणता, येतीलही. पण आलेलं काम आणि येणारं काम यांत हप्ता फक्त आलेल्या कामातून भरता येतो.

आता बॅचिंग प्लांट बघा. एक घनमीटर काँक्रीटला वाळू आणि खडी मिळून अदमासे १.८ टन लागते. प्लांट पूर्ण ताकदीने ३० घनमीटर काढत असेल तेव्हा तासाला ५४ टन माल हॉपरमध्ये, म्हणजे प्लांटच्या माल ओतायच्या पेटीत, पडला पाहिजे. तीन टन उचलणारा लोडर घेतलात तर अठरा बकेट. ढिगापासून हॉपरपर्यंत जाऊन यायला मिनिटभर धरला तर तासातली अठरा-वीस मिनिटं. बाकीच्या वेळात तो आलेली खडी ढिगावर चढवेल, मिसळलेले ढीग वेगळे करेल, आवार साफ ठेवेल. दिवसाला १०० घनमीटर म्हणजे १८० टन, साठ बकेट. यंत्र खरं राबणार दिवसाचे तीन-चार तास.

इथे तुम्ही म्हणाल, मग लोडरच भाड्याने आणू की, चारच तर तास! नेमकी इथेच गंमत आहे. ते चार तास सलग नाहीत. सकाळी वीस मिनिटं, मग काँक्रीट पंप तयार होईपर्यंत शांतता, मग दोन तास घाई, मग रात्री नऊला स्लॅब अर्ध्यात असताना पुन्हा. लोडर हाकेच्या अंतरावर उभा नसेल तर प्लांट थांबतो, प्लांट थांबला की ओतकाम अर्ध्यात अडकतं. म्हणजे यंत्र राबो न राबो, दीड वर्ष तिथेच पाहिजे. भाड्याने आणलंत तर उभ्या यंत्राचंही महिन्याचं भाडं मोजाल, आणि दीड वर्षाचं भाडं म्हणजे मालकाला त्याच्या यंत्राच्या किमतीचा बराच मोठा तुकडा तुम्ही हातात नेऊन देणार. उलट पोकलेन दोन आठवडे जीव तोडून राबेल आणि निघून जाईल, त्याचं भाडं पूर्ण वसूल.

मुकादमाचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. जेसीबी हे गुणी यंत्र आहे. स्वतःच्या चाकांवर ताशी ४० किलोमीटरने दुसऱ्या साइटवर जातो, लो-बेड ट्रेलर लागत नाही. पाइपचे चर, गटारं, थोडी खोदाई, थोडा भराव, दुपारी विटांची पॅलेट उचलून दे, असं सुटंसुटं काम असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. डिझेलही निम्म्याहून कमी पितो. पण तुमच्या दोन्ही कामांत तो काठावर पास होतो. मागच्या हाताचा बकेट पाव घनमीटरचा, म्हणजे पोकलेनच्या एका फेऱ्याला त्याचे चार. कागदावरची खोली साडेचार मीटरच्या आसपास असते, पण ती हात पूर्ण ताणल्यावर एका टोकाला मिळते. ४ मीटरचा तळ सपाट काढताना दर दोन मीटरला पाय उचला, सरका, पाय टाका, हे चालू राहणार. आणि मागचा हात एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अर्धवर्तुळातच फिरतो, त्यामुळे टिपर कुठे लावायचा याचा रोज वाद. प्लांटवर पुढचा बकेट एक-सव्वा घनमीटरचा, तासाला तेहेतीसएक फेरे. जमतं. मी अशी प्लांट चालवलेली पाहिली आहेत. पण दमवलेली यंत्रंही पाहिली आहेत, वर्षभरात पुढच्या एक्सलला आणि गिअरबॉक्सला हात लावावा लागलेली. प्लांट दिवसाला ३० घनमीटरचाच असता तर मी मुकादमाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

उलट चूक मी स्वतः केलेली आहे. बरीच वर्षं झाली. लोडर घरचा होता, पोकलेनचं भाडं वाचवायचं होतं, म्हणून मी लोडरलाच खड्ड्यात उतरवलं. वरचा मीटरभर थर छान निघाला. मग कडक मुरूम लागला. बकेटचे दात टेकवायचे, गाडी रेटायची, पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. त्या फिरणाऱ्या चाकाखाली दगडाची धार आली की टायर साबणाच्या वडीसारखा कापला जातो. अकराव्या दिवशी पुढचा उजवा टायर बाजूने फाटला. तोवर खड्डा निम्माही झाला नव्हता, आणि त्या रात्री पाऊस पडला. सकाळी बघतो तर लोडर रिमपर्यंत चिखलात. टायरवाल्या यंत्राचं असंच असतं. टायरात जेवढा हवेचा दाब, साधारण तेवढ्याच दाबाने ते जमिनीत रुततं. पट्ट्यावरचं २० टनी पोकलेन मात्र दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आतबाहेर भार टाकतं. शेवटी ते पोकलेन भाड्याने आणावंच लागलं, पहिलं काम माझा लोडर ओढून काढायचं. ऑपरेटर एक अक्षर बोलला नाही, नुसता हसला. टायरच्या बिलापेक्षा ते हसणं जास्त महाग पडलं.

म्हणून दादाला एक ताकीद: लोडर घरचा झाला की त्याला खोदायला लावायचा मोह रोज होईल. ढीग भरणं हे त्याचं काम. घट्ट जमीन फोडणं नाही.

लोडर घेताना काय बघायचं ते सांगतो. विक्रेता बकेटचं माप आधी सांगेल, कारण ते ऐकायला मोठं वाटतं. तुम्ही टिपिंग लोड विचारा. यंत्र कमरेत पूर्ण वळलेलं असताना किती वजनाला मागची चाकं उचलली जातात, तो हा आकडा. कडक, सपाट जमिनीवर त्याच्या निम्मं वजन हीच चाकी लोडरची कामाची मर्यादा धरतात. मग मालाचं वजन लावा. कोरडी खडी घनमीटरला दीड-पावणेदोन टन, पण पावसात भिजलेली वाळू १.९ टनापर्यंत जाते. १.८ घनमीटरचा बकेट कोरड्या खडीत तीन टनांच्या आत-बाहेर बसतो. भिजक्या वाळूत काठोकाठ भरला तर साडेतीनच्या घरात. पावसाळ्यात ऑपरेटरला बकेट थोडा रिकामा ठेवायला सांगा.

दुसरं, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचं: ओतायची उंची. माहितीपत्रकात दोन आकडे असतात. एक बिजागरीच्या खिळीची उंची, मोठा आणि भुलवणारा. दुसरा बकेट ४५ अंशांत उलटा केल्यावर त्याच्या ओठाखाली उरणारी उंची. तुम्हाला दुसरा हवा. प्लांटच्या हॉपरची कड, लोडरची चाकं जिथे उभी राहणार त्या जमिनीपासून टेपने मोजा आणि त्यावर किमान ३० सेंटिमीटर मोकळे ठेवा. उंची कमी पडली तर भरावाचा चढ करावा लागतो, आणि रोज साठ वेळा चढावर चढून उलटं उतरणारा लोडर ब्रेक आणि डिझेल दोन्ही खातो. खडीचे कप्पेही बकेटपेक्षा ऐसपैस ठेवा. अडीच मीटरच्या बकेटला तीन मीटरचा कप्पा दिलात तर आठवड्याभरात भिंतीचे कोपरे नाहीसे होतील. कप्पा आणि हॉपर यांच्यामध्ये लोडरला इंग्रजी व्ही अक्षरासारखं मागे-पुढे होता येईल इतकीच मोकळी, पक्की जागा हवी. ती ओबडधोबड राहिली तर बकेटमधली खडी वाटेत सांडते आणि मग तीच खडी टायर खाते. पाच टनी लोडरच्या नादी लागू नका. तुमच्या प्लांटला तो पेलणार नाही आणि रिकामा उभा राहूनही जास्त डिझेल जाळेल.

पोकलेन भाड्याने आणताना मात्र आधी दोन-तीन जागी चाचणी खड्डे घ्या, पूर्ण ४ मीटरचे. 'खाली कडक मुरूम' असं लिहिलंय. त्या मुरुमाखाली अडीच मीटरवर खडक लागला तर वरचा माझा सगळा हिशोब कोसळतो. ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचा हातोडा, लावावा लागेल, त्याचा भाव वेगळा, वेग फार कमी, आणि फोडलेला खडक मुरुमापेक्षा बराच जास्त फुगतो, पन्नास टक्क्यांच्या वर. भाडं तासावर ठरत असेल तर मीटर सुरू कधी धरायचा ते आधी बोला, कारण इंजिन चालू असलं की टिपरची वाट बघतानाही मीटर फिरतो. डिझेल कुणाचं, ऑपरेटर कुणाचा, ट्रेलरचा खर्च येताना-जाताना कोणाकडे, आणि यंत्र बिघडलं तर किती तासांत दुसरं येणार, हेही लिहून घ्या.

यंत्र कसं उभं करायचं यावर बरंच अवलंबून आहे, आणि हे भाड्याच्या ऑपरेटरवर सोडू नका, त्याला तासाचे पैसे मिळतात. पोकलेन वरच्या पायरीवर, टिपर खालच्या पायरीवर. पोकलेनचे पट्टे टिपरच्या फाळक्याच्या उंचीला आले की ऑपरेटरला मालही दिसतो, टिपरही दिसतो आणि बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, फार उचलावा लागत नाही. टिपर असा लावा की ९० अंश फिरण्याऐवजी तीस-चाळीस अंशांत काम भागेल. फेऱ्याला तीन-चार सेकंद वाचतात. १८० फेऱ्यांनी गुणून बघा. खड्ड्यातून बाहेर येण्याचा चढ कुठे ठेवायचा हे पहिल्या दिवशीच ठरवा, तो सगळ्यांत शेवटी, मागे सरकत सरकत काढायचा असतो. आणि उकरलेली माती कडेला रचू नका. काठापासून किमान दीड-दोन मीटर, जमलं तर त्याहून लांब. घनमीटरभर माती दीड टनाची असते, ती काठावर ठेवणं म्हणजे खाली काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गाडी उभी करण्यासारखं आहे. पोकलेनचा मागचा वजनाचा भाग फिरतो तिथे, विशेषतः तो आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, कुणालाही उभं राहू देऊ नका. हेल्पर तिथेच तंबाखू मळत उभे राहतात, मी पाहिलंय.

ते ९,००० तासांचं पोकलेन. आता तुम्ही ते घेणार नाही आहात, तरी कुतूहल असेल, आणि उद्या परत मन डळमळलं तर उपयोगी पडेल. चेनवाल्या यंत्राच्या देखभालीतला निम्म्याच्या आसपास खर्च खालच्या पट्ट्यांवर होतो, म्हणून इंजिनच्या आवाजावर भुलण्याआधी गुडघे टेकून खाली बघा. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात वाघनखांसारखे टोकदार, एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन बदलायला आली आहे. मग बकेट जमिनीवर दाबून यंत्राचा पुढचा भाग किंचित उचला आणि सोडा. वरचा सांगाडा खालच्या चौकटीवर खटकन बसला तर गोल फिरण्याच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे, आणि ती दुरुस्ती स्वस्तात होत नाही. बकेट भरून बूम अर्धा वर धरा, इंजिन बंद करा, पाच मिनिटं चहा घ्या. परत आल्यावर बूम बराच खाली आलेला असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह आतून गळतोय. आणि तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन आधीच गरम असेल तर संशय घ्या, थंड असताना ते एका चावीला सुरू होत नसणार. यातलं काही तुम्ही बघणार म्हणालात आणि मालक घाई करायला लागला, तर उत्तर मिळालंच.

माझं मत उलटं केव्हा होईल? गेल्या दोन वर्षांच्या तुमच्या वह्या काढा. पोकलेनच्या भाड्याच्या पावत्या एकत्र करा आणि तास मोजा. सलग आठ-दहा महिने, दर महिन्याला सव्वाशे-दीडशे तासांच्या वर भरत असतील तर तुमचं म्हणणं खरं ठरतं, मग पोकलेन घरचं हवं आणि प्लांटसाठी लोडरचा मासिक करार करायचा. पण तसं असतं तर तुम्ही पत्रात ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं. तुम्ही लिहिलंत 'दारात असलं की'.

राहता राहिला ऑपरेटर. पोकलेनवाला चांगला मिळतो, कारण तो यंत्रासोबत येतो. लोडरचा मात्र तुम्हालाच नेमायचा आहे, आणि त्याच्याकडे तुमचं यंत्र दीड वर्ष असणार. मुलाखत घेऊ नका, ढिगासमोर उभं करून दहा बकेट भरायला सांगा. भरलेला बकेट गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चालवतो की डोक्यावर धरून, ते बघा. ढिगात शिरताना चाकं फिरतात का ते कान देऊन ऐका. मागे येताना आरशात बघतो की नुसता हॉर्न वाजवतो? आणि दहा बकेट झाल्यावर उतरून न सांगता ग्रीसच्या टोप्या तपासायला गेला, तर पगाराची घासाघीस करू नका.

हॉपरच्या कडेची उंची मोजली की दादाला दाखवा, आणि विक्रेत्याकडे दोघे मिळून जा.